भावाच्या पाटीवर फोटो नसतो



निवडणूक आली की शहाणी माणसं एकच पोपटपंची करतात. कांदा महागला, आता सरकार पडणार. तेल महागलं, आता सरकार पडणार. पेपरात अग्रलेख येतात, टीव्हीवर तोंडं वाजतात, आणि आपलीही पोरं नाक्यावर बसून तेच बोलतात : थांब रे, महागाईच खाईल यांना. म्हणजे लढायचं काम महागाईनं करायचं आणि आपण कटिंग मारत वाट बघायची.

ही आळशी माणसाची क्रांती झाली. असल्या क्रांतीवर आपण थुंकलं पाहिजे.

महागाई कुठलंच सरकार पाडत नाही. सरकार पाडतो तो लोकांचा राग. आणि राग हा काही आपसूक मतपेटीपर्यंत चालत जाणारा प्राणी नाही. त्याला कुणीतरी वाट दाखवावी लागते. आपण दाखवली नाही तर दुसरा दाखवतो. दुसऱ्यानं दाखवली की तो त्याच्या गोठ्यात जातो आणि त्याच्याच खुंट्याला बांधला जातो. आजवर झालं ते हेच.

इतिहास बघा. १९७२ ला दुष्काळ पडला. माणसं खडी फोडायला गेली. त्यानंतर भाव असे चढले की १९७४-७५ साली घाऊक महागाई २५ टक्क्यांवर गेली. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. थाळ्या बडवल्या. त्याच दिवसांत, जानेवारी १९७४ मध्ये, मध्य मुंबईची लोकसभेची पोटनिवडणूक आली. दलित पँथरनं बहिष्कार पुकारला. वरळी पेटली. १० जानेवारीला मोर्च्यावर झालेल्या दगडफेकीत भागवत जाधव गेला. काँग्रेस पडली, कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. त्या निवडणुकीत खेड्यापाड्यातल्या अत्याचाराचा राग होता तसाच रिकाम्या डब्याचा रागही होता. दोन्ही राग एकाच चाळीत, एकाच खोलीत राहत होते. ज्या बाईचा पोरगा बहिष्काराच्या सभेला जात होता तीच बाई रेशनच्या रांगेत उभी होती. पण मायलेकांची चळवळ एक झाली नाही. लाटणं एकीकडे राहिलं, पँथर एकीकडे राहिला.

पुढं बघा. आणीबाणीत, १९७५-७६ ला, घाऊक भाव उतरले. चक्क उतरले. तरी १९७७ ला लोकांनी इंदिरा गांधींना घरी बसवलं. १९८० ला कांदा महाग होता, जनता पक्षवाले आपसात लाथाळ्या करत होते, इंदिरा गांधींनी कांद्याचा भाव प्रचारात आणला आणि त्या परत आल्या. १९९८ च्या हिवाळ्यात कांदा पन्नास-साठ रुपये किलोवर गेला. दिल्लीत भाजपनं ऐन वेळी मुख्यमंत्री बदलून पाहिला, तरी दिल्लीही गेली आणि राजस्थानही गेलं. आता २०२४ घ्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशात अन्नधान्य-भाजीपाल्याची महागाई १०.८७ टक्के होती. नुसती भाजी आदल्या वर्षापेक्षा ४२ टक्क्यांनी महाग होती. २० नोव्हेंबरला महाराष्ट्रानं मतदान केलं. महायुतीला २८८ पैकी २३० जागा.

कुठं गेली तुमची महागाई? कुणाला खाल्लं तिनं?

भाव उतरलेले असताना सरकार पडलं, भाव चढलेले असताना सरकार दणक्यात आलं. तेव्हा भाव आणि मत यांच्यामध्ये काहीतरी आहे. मधलं ते यंत्र आपण समजून घेतलं नाही तर आपण जन्मभर दुसऱ्याच्या निवडणुकीतले पोस्टर चिकटवणारे राहू.

ते यंत्र असं आहे. दुकानात भावाची पाटी असते. त्या पाटीवर कुणाचा फोटो नसतो. शिध्याच्या पिशवीवर मात्र असतो.

२०२२ च्या दिवाळीला राज्य सरकारनं ‘आनंदाचा शिधा’ काढला. शंभर रुपयात किलोभर रवा, किलोभर साखर, किलोभर चणाडाळ, लिटरभर पामतेल. पिशवीवर पुढाऱ्यांचे फोटो. २०२३ ला तोच शिधा गुढीपाडवा आणि बाबासाहेबांची जयंती अशा नावानं वाटला. बाबासाहेबांच्या जयंतीला पामतेल! ज्या माणसानं सांगितलं की मागू नका, मिळवा, त्याच्या जन्मदिवशी आपल्या बायकांना पिशवीसाठी रांगेत उभं केलं आणि आपण ‘चला, सरकारनं जयंतीची दखल तरी घेतली’ म्हणून गप्प बसलो.

पिशवी देणारा चेहरा दिसतो. म्हणून उपकार त्याच्या खात्यावर जमा होतात. तेलाचा भाव वाढवणारा चेहरा दिसत नाही. म्हणून राग कुणाच्याच खात्यावर जमा होत नाही. तो वाण्यावर निघतो, नवऱ्यावर निघतो, पोरांच्या पाठीवर निघतो. मावशी वाण्याला म्हणते, ‘शेठ, तुमच्या मापातच पाप हाय.’ शेठ म्हणतो, ‘वरूनच महाग येतंय, आम्ही काय करू?’ या ‘वरून’ शब्दात सगळं राजकारण दडलंय. वरून म्हणजे कुठून? आभाळातून?

नाही. वरून म्हणजे सहीतून.

१४ सप्टेंबर २०२४ ला केंद्र सरकारनं बाहेरून येणाऱ्या खाद्यतेलावरची जकात वाढवली. कच्च्या पामतेल, सोयाबीन, सूर्यफूल तेलावर सगळे कर धरून साडेपाच टक्के होती ती साडेसत्तावीस टक्के केली. शुद्ध केलेल्या तेलावर पावणेचौदाची पावणेछत्तीस केली. दसरा-दिवाळी तोंडावर होती. आपल्या देशातलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. त्यावर एका सहीनं बावीस टक्के चढले की कढईत काय होणार हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या तेलाची मूळ जकात निम्मी केली. तीही एक सही. तारीख आहे, खातं आहे, मंत्री आहे. पण आपल्या वस्तीतल्या एका भिंतीवर तरी आपण ती तारीख लिहिली काय?

लिहिली नाही. म्हणून मावशीचा राग शेठवर राहिला आणि पिशवीचं पुण्य साहेबांना मिळालं.

आता कुणी शहाणा उठून म्हणेल, महागाई सगळ्यांनाच असते, त्यात दलित-सवर्ण काय आणता? जातीचा चष्मा काढा.

काढतो. आणि हिशोबाची वही उघडतो.

पगारदार माणसाला महागाई भत्ता असतो. भाव वाढले की सहा-सहा महिन्यांनी भत्ता वाढतो. तो भत्ता निर्देशांकावर बांधलेला. मजुराच्या हजेरीला असा कुठला भत्ता बांधलाय? रोजगार हमीची मजुरी ज्या निर्देशांकावर वाढवत होते तो शेतमजुरांचा निर्देशांक २०२५ पर्यंत १९८६-८७ सालच्या पायावर मोजला जात होता. म्हणजे शेतमजूर काय खातो, काय विकत घेतो, कशावर किती खर्च करतो हे चाळीस वर्षांपूर्वीच्या टोपलीवरून ठरत होतं. त्या टोपलीत मोबाईलचं रिचार्ज नव्हतं, पोराच्या क्लासची फी नव्हती. देशाचा बाकीचा निर्देशांक तेवढ्यात कितीदा नवा झाला. शेतमजुराची टोपली बदलायला मात्र कुणाला सवड नव्हती. आणि शेतमजूर कोण आहेत हे मी सांगायचं? गावकुसाबाहेर जाऊन मोजून या.

दुसरा हिशोब. अन्नसुरक्षेचा कायदा २०१३ चा. त्यानंतर महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंब ठरवायला उत्पन्नाची मर्यादा घातली : गावात वर्षाला ४४ हजार, शहरात ५९ हजार. सबंध कुटुंबाचं उत्पन्न बरं का. आता २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती दिवसाला २९७ रुपये. एका घरातल्या एका माणसाला वर्षात १५० दिवस या दरानं काम मिळालं तर होतात ४४,५५०. झालं! मर्यादा ओलांडली. बायको, पोरं, म्हातारी आई, सगळी मिळून वर्षाचे उरलेले २१५ दिवस हवा खाऊन जगली तरी सरकारी कागदावर ते घर गरीब नाही. भाव वाढले, मजुरी थोडीफार वाढली, पण गरिबीची रेघ जिथं मारली होती तिथंच. म्हणजे महागाई आपल्याला दोनदा मारते. एकदा दुकानात, एकदा तहसील कचेरीत.

तिसरा हिशोब. ज्याच्या हातात महिन्याचा पगार येतो तो महिन्याचं सामान भरतो. पाच लिटरचा डबा, दहा किलोचं पोतं, मॉलमध्ये एकावर एक फुकट. ज्याच्या हातात दिवसाची हजेरी येते तो दिवसाचं घेतो. वीस रुपयांचं तेल, दहा रुपयांची डाळ, पाचाची चहापत्ती, दोनाची शाम्पूची पुडी. सुट्ट्याचा भाव किलोमागं बहुतेकदा चढाच असतो. आणि उधारीच्या वहीत तो आणखी चढतो. म्हणजे ज्याच्याकडं कमी पैसा तो त्याच मालाला जास्त पैसा मोजतो. सरकार भाव मोजतं ते किलोचे. पुडीचा भाव मोजायला कोण येतो आपल्या गल्लीत?

आणि वर्गात बसलेल्या आपल्या पोरांचा हिशोब. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी बाबासाहेबांच्या नावानं ‘स्वाधार’ योजना २०१६-१७ ला आली. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरात वर्षाच्या जेवणाला ३२ हजार धरले. बारा महिन्यांवर वाटले तर महिन्याला २,६६६. दिवसाला नव्वद रुपयेसुद्धा नाहीत. मेसवाला दर वर्षी दर वाढवतो. सरकारी आकड्याला मेसवाल्याचा दर दिसत नाही. पैसाही सत्र उलटल्यावर येतो. पोरगं तोवर एक वेळ जेवतं आणि आपण त्याला म्हणतो : शिका, संघटित व्हा.

तेव्हा महागाईला जात नसते म्हणणाऱ्यानं आधी आपल्या ताटात बघावं.

आता कांद्याकडं येतो. कांद्यावर महाराष्ट्राचं राजकारण चालतं. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा पाहिजे, निवडणूक तोंडावर. लासलगावपासून उमराण्यापर्यंत शेतकरी पेटला. ४ मे २०२४ ला, मतदान सुरू असतानाच, बंदी उठवली पण ४० टक्के कर आणि टनामागं साडेपाचशे डॉलरची किमान किंमत लावून. दिंडोरीची जागा केंद्रातल्या मंत्र्यासकट गेली. नाशिकची गेली. दिल्लीकरांनी कान पकडले. पुढं सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, कर निम्मा केला. १ एप्रिल २०२५ पासून तो काढूनच टाकला.

या सगळ्या तमाशात दोनच पात्रं होती. एक कांदा पिकवणारा, एक कांदा खाणारा. पिकवणाऱ्याला भाव पाहिजे, खाणाऱ्याला स्वस्ताई पाहिजे. दोघांच्या बाजूनं बोलायला पुढारी आहेत, पेपर आहेत.

आणि लागवड कुणी केली? कंबर मोडेपर्यंत वाकून एकेक रोप कुणी खोचलं? उन्हात बसून पात कुणी कापली? चाळीत कांदा कुणी भरला? त्या टोळीतल्या बायका निर्यातबंदीच्या चर्चेत कुठं होत्या? कांदा चढला की मालकाच्या दारात नवा ट्रॅक्टर उभा राहतो, लागवडीचा दर मात्र त्याच हंगामात चढत नाही. कांदा पडला की मालक पहिली कात्री मजुरीला लावतो. आणि तीच बाई संध्याकाळी घरी जाताना बाजारभावानंच कांदा विकत घेते. ती पिकवणाऱ्यांतही नाही, खाणाऱ्यांतही नाही. ती तिसरी आहे. कांद्याच्या राजकारणात तिसऱ्याला मत आहे, मुद्दा नाही.

इथं नीट ऐका, कारण यावरून आपल्यात भांडणं लावतील. आपण शेतकऱ्याच्या भावाच्या विरोधात नाही. सोयाबीनवाला २०२४ ला ४,८९२ च्या हमीभावाखाली माल विकत होता, त्याचं रडणं खोटं नव्हतं. तेलावरची जकात त्याच्या नावानं वाढवली. पण त्या बावीस टक्क्यांतलं त्याच्या हातात किती पडलं आणि सरकारच्या तिजोरीत, तेलवाल्यांच्या गोदामात किती गेलं, हा प्रश्न विचारायचा की नाही? शेतकऱ्याला भाव द्यायचा असेल तर सरकारनं खरेदी करून द्यावा. आणि त्याची किंमत मजूर बाईच्या कढईतून काढू नये, तिला रेशनवर तेल-डाळ द्यावी. दोन गरिबांना एकमेकांच्या अंगावर घालून तिसरा मजा मारतो, हे आपल्याला नवं आहे काय?

रेशनवर आज काय मिळतं? माणशी महिन्याला पाच किलो धान्य. जानेवारी २०२३ पासून फुकट. फुकट म्हटलं की सगळे दिपतात. पाच किलो म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम. त्यावर काय शिजवायचं? तेल नाही, डाळ नाही. साखर मिळाली तर अंत्योदयवाल्याला किलोभर. भात-पोळी सरकारची आणि कालवण बाजाराचं. महागाई कालवणात आहे. पुढारी मात्र भाताकडं बोट दाखवून म्हणतो, ऐंशी कोटी लोकांना आम्ही पोसतो. पोसतो! पोशिंद्यालाच म्हणतो मी तुला पोसतो.

आणि वर आकडे फेकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाईचा दर पाव टक्क्यावर आला, अन्नाचा तर शून्याखाली पाच टक्के गेला. मोठा गाजावाजा. अरे, दर कमी झाला म्हणजे भाव मागच्या वर्षीच्या टोकावरून खाली आले, एवढंच. मागचं टोक केवढं होतं ते वर सांगितलंच आहे. पूर चार बोटं उतरला म्हणून झोपडीत वाहून गेलेली भांडी परत येत नाहीत. आणि त्या महिन्यातही खाद्यतेल चढंच होतं. बाईला टक्के कळत नाहीत असं बोलणाऱ्यानं तिच्याबरोबर एक महिना बाजारहाट करून दाखवावी. ती रोज घेते त्या वस्तूचा भाव तिच्या बोटांवर असतो. तिला टीव्हीपेक्षा, फ्रिजपेक्षा मिरची-मीठ-तेल लक्षात राहतं, कारण ते ती रोज हात आखडून घेते. पुढाऱ्याबद्दलचं तिचं मत तिथं, त्या आखडलेल्या हातात तयार होतं. आपण तिथं हजर नसतो.

आता सगळ्यात कडू गोष्ट. विधानसभेचा निकाल लागल्यावर आपल्याच पोरांच्या तोंडून ऐकलं : ‘बाया पंधराशेला विकल्या गेल्या.’

ज्यानं हे म्हटलं त्यानं जीभ आवरावी. ती तुझी आईच आहे.

जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’चे महिना पंधराशे सुरू झाले. दिवसाला पन्नास रुपये. त्या पन्नास रुपयांत तिचं तेल-मीठ-मिरची भागलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावच्या खात्यावर, नवऱ्याला न विचारता काढता येईल असा पैसा आला. तिनं हिशोब केला. एका बाजूला महागाईवर भाषणं ठोकणारे, दुसऱ्या बाजूला महागाईपोटी रोख हातात ठेवणारे. तिनं रोख घेतली. यात विक्री कसली? चाळीस वर्षं तिच्या किराण्याबद्दल आपण एक मोर्चा नीट काढला नाही, आणि आता तिला गद्दार म्हणायचं?

बाईला शिव्या देऊ नका. सरकारला प्रश्न विचारा. हे पंधराशे निर्देशांकाला का बांधले नाहीत? निवडणुकीत एकवीसशेचं वचन दिलं होतं, त्याचं काय? आणि सगळ्यात मोठा प्रश्न : पैसा कुणाचा? मे २०२५ मध्ये या योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी वळवले. त्या खात्याच्या मंत्र्यानंच जाहीर कुरकुर केली. म्हणजे आपल्या पोराच्या शिष्यवृत्तीच्या, वसतिगृहाच्या खिशातून काढून आपल्याच बाईच्या ओंजळीत टाकायचं आणि वर भाऊबीज घातली म्हणून ओवाळून घ्यायचं. एका हातानं पोराचं ताट ओढायचं आणि दुसऱ्या हातानं आईला घास भरवायचा. हे तिला कोण सांगणार? पेपर सांगणार नाही. ते आपण सांगायचं. पण शिवी देत नव्हे, तिच्या शेजारी बसून, वही उघडून.

कुणी म्हणेल, महागाई हा आपला विषय नव्हे. तो कम्युनिस्टांचा, समाजवाद्यांचा. आपला विषय अत्याचार, राखीव जागा, स्मारक, अस्मिता.

या विद्वानांनी आपलाच इतिहास वाचलेला नाही.

बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित होते हे आपण जयंतीला ओरडून सांगतो. त्यांनी काय सांगितलं ते वाचत नाही. १९२३ साली लंडनला त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ निघाला. त्यातला मुद्दा आजही धगधगता आहे. रुपयाची परदेशी नाण्याशी किंमत किती यापेक्षा रुपयात बाजारात काय येतं हे स्थिर पाहिजे. कारण भाव चढतात तेव्हा मजुरी त्यांच्या मागं रखडत येते. मधल्या काळात व्यापाऱ्याचा जो नफा होतो तो मजुराच्या ताटातून गेलेला असतो. शंभर वर्षांपूर्वी तिशीतल्या एका अस्पृश्य पोरानं गोऱ्या पंडितांच्या तोंडावर हे मांडलं. महागाई म्हणजे राबणाऱ्याच्या घरावरचा दरोडा. आपल्या पोरांना त्या ग्रंथाचं नाव पाठ आहे. पानं कापलेली नाहीत.

पुढं या. ६ डिसेंबर १९६४. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षानं देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला. तुरुंग भरले. त्या मागण्यांच्या सनदेत काय काय होतं? संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र लावा. पडीक जमीन भूमिहीनाला द्या. बौद्धांना सवलती द्या. किमान वेतनाचा कायदा नीट राबवा. आणि धान्याचं पुरेसं वाटप करा, वाढत्या भावांना आळा घाला!

बघा. तैलचित्र आणि धान्य एकाच कागदावर होतं. त्या म्हाताऱ्यांना अस्मिता आणि भाकरी वेगळी वाटत नव्हती. १९९० ला तैलचित्र लागलं. त्याच वर्षी बौद्धांना सवलती मिळाल्या. लढून मिळाल्या, छाती फुगावी अशीच गोष्ट. पण धान्याची आणि भावाची मागणी त्या कागदावरून कधी पुसली गेली? कुणी पुसली? १९९८ ला महाराष्ट्रातून रिपब्लिकनांचे चार खासदार एकदम लोकसभेत गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस कांद्यानं दोन राज्यांतली सरकारं उलथली. चार खासदारांच्या त्या वर्षातली महागाईवरची एक घोषणा तुमच्या वस्तीत कुणाला आठवते का, विचारून बघा.

कारण उघड आहे. आपल्या मंचावर बसणाऱ्यांना महागाई भत्ता मिळतो. मंचाखाली बसणाऱ्यांना नुसती महागाई.

२५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. आपण समजतो भक्ती म्हणजे आरती-टाळ. ती पिशवीतूनही येते. उपकाराच्या ओझ्यानं मान खाली गेली की भक्ती सुरू झाली. हक्काचा घास उपकार म्हणून खाल्ला की तो पोटात भक्ती होऊन बसतो. म्हणून किराण्याची लढाई ही पोटाचीच लढाई नाही. ती मान वर ठेवण्याची लढाई आहे.

तर काय करायचं? भाषण नको, काम सांगतो.

एक. विहाराच्या भिंतीवर भावफलक लावा. दहा वस्तू : तेल, तूरडाळ, साखर, मीठ, मिरची, चहापत्ती, कांदा, बटाटा, गॅस, दूध. दर महिन्याच्या एक तारखेला भाव लिहा. किलोचाही आणि पुडीचाही. शेजारी हजेरीचा दर लिहा. आणि त्याखाली लिहा, या महिन्यात कुणी कुठली सही केली. जकात कुणी वाढवली, निर्यात कुणी बंद केली, निधी कुणी वळवला. तारीख आणि खातं. पाटीवर फोटो नसतो ना? आपण लावू.

दोन. रेशनच्या दक्षता समितीत आपली माणसं घुसवा, बाया घुसवा. समिती कागदावर असते, ती दुकानात आणा. अंगठा लागत नाही म्हणून परत पाठवलेल्या म्हाताऱ्यांची यादी करा. ४४ हजारांची मर्यादा भावाप्रमाणं वाढवा म्हणून तहसीलवर जा.

तीन. मत मागायला येईल त्याला, आपला असो की परका, हार घालण्याआधी चार प्रश्न. रेशनवर तेल-डाळ देणार काय? मजुरीला आणि शिष्यवृत्तीला महागाई भत्ता बांधणार काय? अनुसूचित जाती-जमातीचा निधी दुसरीकडं वळवणार नाही असा कायदा करणार काय? लागवडीच्या टोळीला किमान वेतन मिळतं का ते बघायला अधिकारी वावरात पाठवणार काय? उत्तर लिहून घ्या. सही घ्या. त्याचीही सही भिंतीवर लावा.

चार. दहा-वीस घरं मिळून महिन्याचं सामान घाऊक बाजारातून एकत्र आणा. यानं क्रांती होणार नाही. पण वाण्याच्या वहीतून चार बाया सुटतील, आणि वहीतून सुटलेली बाई मोर्च्यात येते.

आणि पाचवं, सगळ्यात महत्त्वाचं. ही चळवळ बायांच्या हातात द्या. त्यांच्यापुढं माईक धरा आणि खाली बसा. त्यांना भाव पाठ आहेत, तुम्हाला घोषणा पाठ आहेत. एकदा दोन्ही एकत्र येऊ द्या. १९७४ ला लाटणं आणि पँथर एका चाळीत राहूनही वेगळ्या रस्त्यानं गेले. त्याची किंमत आपण पन्नास वर्षं मोजतोय, किलोवर नाही, पुडीच्या भावानं.

महागाई सरकार पाडील म्हणून वाट बघत बसलेल्या दोस्ता, ऊठ. खडू घे. भिंत कोरी आहे.

जयभीम!